कर्नल बदलला आणि लॅन गेलं: नवा ड्रायव्हर शोधण्याआधी जुनी बंदी शोधा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत चुकत असेल तर लगेच कळेल. उबुंटू २२.०४ असलेला तुमचा पीसी ५.१५ कर्नलवर (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, हार्डवेअर चालवणारा भाग) नीट चालत होता. नवीन रॅडिऑन ग्राफिक्स कार्ड बसवलं, ते ५.१५ ला ओळखता येईना, म्हणून तुम्ही ६.८ कर्नल टाकला. स्क्रीन छान आली, पण मदरबोर्डवरचं लॅन गायब झालं. 'आयपी लिंक' दिलं की फक्त 'लो' (मशीनची स्वतःशीच बोलायची आतली वाट) दिसतं. ग्रबमधून (बूट होताना कर्नल निवडायच्या यादीतून) ५.१५ निवडला की नेट येतं, पण स्क्रीन बिघडते. बोर्डवर वायफाय नाही. नेट हळू चालतं म्हणून दोन वर्षांपूर्वी कुठेतरी वाचून 'आर८१६८-डीकेएमएस' हे पॅकेज टाकलं होतं. आता चिप कंपनीच्या साइटवरून तोच ड्रायव्हर उतरवून 'मेक' (सोर्सपासून ड्रायव्हर बांधायची कमांड) चालवलं, तर 'एसटीआरएलसीपीवाय' या शब्दावर ते अडतं. तुम्ही विचारताय की ६.८ वर चालणारा ड्रायव्हर कुठे मिळेल, की सरळ दुसरं लॅन कार्ड घेऊ?

कार्ड घेऊ नका. तुमच्या बोर्डवरच्या चिपचा ड्रायव्हर ६.८ कर्नलमध्ये आधीपासून आहे. त्याला कोणीतरी दाराबाहेर उभं केलंय, आणि ते काम बहुतेक त्या दोन वर्षांपूर्वीच्या पॅकेजने केलंय.

पुढे जाण्याआधी एक सोय सांगतो. कमांड मी बोलतो तशा देवनागरीत लिहितोय. टर्मिनलमध्ये त्या नेहमीप्रमाणे इंग्रजी छोट्या अक्षरांत टाइप करा.

तुम्ही सहज लिहून गेलात ते 'जुन्या कर्नलवर नेट चालतं' हे वाक्य फार कामाचं आहे. ग्राफिक्स कार्ड जागेवर असताना ५.१५ वर नेट येत असेल, तर पोर्ट, केबल, राउटर आणि आयपीच्या सेटिंग्ज हे सगळे संशयातून सुटले. फरक फक्त कर्नलचा उरला. मी कराड-सातारा भागात शाळा-कॉलेजांच्या लॅब आणि छोटी ऑफिसं सांभाळतो, आणि लॅन गेल्याचा फोन आला की माझा पहिला प्रश्न हाच असतो: जुना कर्नल निवडून बघितला का? पुष्कळ जण केबल बदलून आणि राउटर तीनदा बंद-चालू करून मग फोन करतात. जुना कर्नल बघायला दोन मिनिटं लागतात. बूट होताना एस्केप, जुन्या बायॉसवर शिफ्ट, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स.

आता ६.८ मध्ये बूट करा आणि 'एलएसपीसीआय -एनएनके' ही कमांड द्या. लांबलचक यादी येईल. त्यात 'इथरनेट कंट्रोलर' अशी ओळ शोधा. तुमच्या पॅकेजवरून माझा अंदाज आहे की तिथे रिअलटेकचं नाव आणि शेवटी चौकटी कंसात '१०ईसी:८१६८' असा आकडा असेल. पहिला भाग कंपनीचा, दुसरा चिपच्या कुटुंबाचा. बोर्डच्या खोक्यावर काही का छापलेलं असेना, खरं नाव हे.

त्या ओळीच्या खालच्या दोन ओळींवर माझं सगळं निदान उभं असतं. एक 'कर्नल ड्रायव्हर इन यूज', दुसरी 'कर्नल मॉड्यूल्स' (मॉड्यूल म्हणजे हवा तेव्हा कर्नलमध्ये चढवता येणारा ड्रायव्हरचा तुकडा). पहिली सांगते की या घडीला चिप कोणाच्या हातात आहे. दुसरी सांगते की तिला सांभाळू शकेल असा कोण कोण या कर्नलमध्ये हजर आहे. तुमच्याकडे 'मॉड्यूल्स'च्या ओळीत 'आर८१६९' दिसेल आणि 'इन यूज'ची ओळ मुळात नसेलच, अशी माझी जवळजवळ खात्री आहे. म्हणजे माणूस हजर आहे, पण त्याला कामावर घेतलेलं नाही. तुमचं दुखणं हेच असेल, तर इंटरनेटवरून काहीही उतरवायची गरज नाही.

हे असं का होतं ते समजून घ्या, कारण पुढच्या कर्नलला हाच प्रसंग पुन्हा येऊ शकतो. या चिपसाठी लिनक्समध्ये दोन ड्रायव्हर आहेत. 'आर८१६९' कर्नलच्या आतला. 'आर८१६८' चिप कंपनीचा, कर्नलच्या बाहेरचा. दोघं एकाच चिपवर हक्क सांगतात, म्हणून बाहेरचा बसवताना आतल्यावर बंदी घालावी लागते. 'आर८१६८-डीकेएमएस' पॅकेज हेच करतं: '/ईटीसी/मॉडप्रोब.डी' या फोल्डरात एक छोटी फाइल ठेवतं, आणि त्यात 'ब्लॅकलिस्ट आर८१६९' किंवा त्याच अर्थाची ओळ असते. जोवर बाहेरचा ड्रायव्हर चालतोय तोवर ही व्यवस्था ठीक.

अडचण कर्नल बदलताना येते. डीकेएमएसचं काम एवढंच की नवा कर्नल आला की बाहेरच्या ड्रायव्हरचा सोर्स त्या कर्नलसाठी पुन्हा कंपाइल करायचा. पण कर्नलच्या आतली फंक्शन्स कायमची ठरलेली नसतात. ती बदलतात, काढून टाकली जातात, आणि बदलणारा माणूस कर्नलच्या आतल्या सगळ्या ड्रायव्हरांमध्येही त्याच वेळी दुरुस्ती करतो. बाहेरच्या ड्रायव्हरची काळजी तो घेत नाही, ते त्याचं कामही नाही. ६.१ मध्ये 'नेटइफ_नापी_ॲड' या फंक्शनचा एक आर्ग्युमेंट काढला. ६.८ मध्ये 'एसटीआरएलसीपीवाय' हे फंक्शनच काढून टाकलं. तुमचं 'मेक' ज्या शब्दावर अडलं तो हाच. म्हणजे तुम्ही उतरवलेली प्रत ६.८ च्या आधीच्या जगासाठी लिहिलेली आहे.

तर झालं असं: बाहेरचा ड्रायव्हर ६.८ वर तयार झाला नाही, आणि आतल्यावरची बंदी तशीच राहिली. 'डीकेएमएस स्टेटस' देऊन बघा. आर८१६८ च्या पुढे ५.१५ साठी 'इन्स्टॉल्ड' लिहिलेलं असेल आणि ६.८ ची ओळच नसेल, तर यावर शिक्का बसला.

तरी लगेच काही काढून टाकू नका. आधी एक चाचणी. ६.८ मध्येच 'सुडो मॉडप्रोब आर८१६९' द्या. ब्लॅकलिस्टची ओळ फक्त आपोआप होणारं लोडिंग अडवते; नाव घेऊन हाक मारली तर मॉड्यूल येतं. कमांड काही न बोलता परत आली की पुन्हा 'आयपी लिंक' बघा. 'ईएनपी'ने सुरू होणारं नाव दिसलं आणि काही सेकंदांत वर नेटचं चिन्ह आलं, तर निदान पक्कं. ही चाचणी रीस्टार्टनंतर टिकत नाही, त्यामुळे यात बिघडण्यासारखं काही नाही.

आता कायमचा उपाय. 'सुडो एपीटी पर्ज आर८१६८-डीकेएमएस'. इथे 'रिमूव्ह' न म्हणता 'पर्ज' म्हणायचं, आणि हा शब्द मी मुद्दाम ठासून सांगतोय. 'रिमूव्ह'ने पॅकेज जातं, पण '/ईटीसी'मधल्या त्याच्या सेटिंगच्या फाइली मागे राहतात. म्हणजे बाहेरचा ड्रायव्हर गेला, आणि त्याने घातलेली बंदी शिल्लक. मग माणूस म्हणतो, पॅकेज काढूनही नेट येत नाही, म्हणजे चिपच गेली.

त्यानंतर 'सुडो अपडेट-इनिट्रॅमएफएस -यू -के ऑल'. बूटच्या सुरुवातीला जी छोटी फाइलसिस्टम (इनिट्रॅमएफएस) मेमरीत चढते, तिच्यात मॉडप्रोबच्या सेटिंग्जची नक्कल असते. मूळ फाइल काढली तरी जुनी नक्कल बंदी पाळत बसू शकते. 'के ऑल' अशासाठी की सगळ्या कर्नलांच्या नकला ताज्या व्हाव्यात. मग रीस्टार्ट.

याच क्रमाने करा. 'पर्ज' केल्यावर ५.१५ मधलाही आर८१६८ जातो, आणि तुमचं आजचं चालू नेट त्याच्यावरच आहे. आर८१६९ चालतो हे ६.८ मध्ये आधी डोळ्यांनी बघितलं की मगच जुना दोर सोडायचा. त्यापुढे ५.१५ मध्येही आर८१६९ काम सांभाळेल.

याबाबत मी इतका आग्रही का, ते सांगतो. एका कॉलेजच्या लॅबमध्ये तीसेक मशीन होती, सगळी एकाच बोर्डची. प्रॅक्टिकल परीक्षेच्या दोन दिवस आधी अपडेट झाले आणि सकाळी सगळ्यांचं लॅन गेलं. मी पोचेपर्यंत तिथल्या मुलाने तीन मशीनवर उबुंटू पहिल्यापासून टाकलं होतं. त्या तिन्हींवर नेट आलं, म्हणून उरलेली सत्तावीसही तशीच करायचा बेत होता, त्यांच्यावरचं विद्यार्थ्यांचं काम पुसून. चौथ्या मशीनवर बसलो, 'ग्रेप -आर आर८१६९ /ईटीसी/मॉडप्रोब.डी' दिलं, आणि एका ओळीची ती फाइल समोर आली. कधीतरी कुणीतरी सगळ्या लॅबला आर८१६८ टाकून दिला होता आणि तो माणूस नोकरी सोडून गेला होता. नवीन इन्स्टॉलने नेट आलं ते एवढ्याचसाठी की त्यात ती एक ओळ नव्हती. दुपारपर्यंत सत्तावीस मशीन उभी राहिली, एकाचीही होम डिरेक्टरी न पुसता. त्या मुलाची मेहनत खरी होती, त्याला फक्त 'इन यूज'ची ओळ वाचायला कोणी शिकवलं नव्हतं.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी.

समजा 'मॉडप्रोब आर८१६९' ने 'मॉड्यूल नॉट फाउंड' म्हटलं. मग बंदीचा प्रश्न नाही, फाइलच नाही. उबुंटूत कर्नल तुकड्यांत येतो, आणि बरेच ड्रायव्हर 'लिनक्स-मॉड्यूल्स-एक्स्ट्रा' या वेगळ्या पॅकेजात असतात. कर्नल हाताने, नुसतं 'लिनक्स-इमेज' टाकून बसवला असेल तर हा तुकडा राहून जातो, आणि मग लॅनबरोबर आवाज किंवा वायफायही गेलेलं असतं. 'यूनेम -आर' जो आकडा दाखवेल तोच नेमका आकडा पुढे लावून ते पॅकेज टाका. म्हणूनच मी सगळ्यांना 'लिनक्स-जेनेरिक-एचडब्ल्यूई-२२.०४' हे एकत्र पॅकेज टाकायला सांगतो, त्यात इमेज, मॉड्यूल आणि हेडर्स (बाहेरचा ड्रायव्हर कंपाइल करायला लागणाऱ्या फाइली) सगळं मागोमाग येतं. 'एचडब्ल्यूई' म्हणजे त्याच उबुंटूसाठी येणारे नवे कर्नल.

पॅकेज टाकायला नेट हवं आणि नेटच नाही, ही कोंडी फोडायला अँड्रॉइड फोन पुरतो. चार्जिंगची केबल पीसीला लावा, फोनच्या हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. लिनक्सला फोन हे एक लॅन कार्डच वाटतं. फोन घरच्या वायफायला जोडलेला असेल तर तेच नेट पीसीला मिळतं, मोबाइलचा डेटा जात नाही. माझ्या पिशवीत चांगली यूएसबी केबल कायम असते ती यासाठीच. स्वस्तातल्या काही केबलींत फक्त चार्जिंगच्या तारा असतात, तेवढं तपासून घ्या.

समजा मॉड्यूल चढलं, पण नाव दिसत नाही. 'सुडो डीमेसेज' देऊन 'आर८१६९' शोधा. 'रिअलटेक डॉट केओ नॉट लोडेड' अशी तक्रार असेल तर 'रिअलटेक' नावाचं जोडमॉड्यूल चढलेलं नाही. 'सुडो मॉडप्रोब रिअलटेक' करून मग आर८१६९ काढून पुन्हा चढवा, आणि इनिट्रॅमएफएस ताजी करा. फर्मवेअर मिळालं नाही अशी ओळ असेल तर 'लिनक्स-फर्मवेअर' पॅकेज अपडेट करा. मॉडप्रोबच्या फोल्डरात काही सापडलं नाही पण बंदी जाणवते, तर '/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब' उघडून कर्नलच्या ओळीत 'मॉडप्रोब.ब्लॅकलिस्ट' लिहिलंय का बघा. तिथे लपलेली बंदी मी दोनदा काढली आहे.

मशीनवर विंडोजही असेल तर एक वेगळाच प्रकार होतो. विंडोज बंद होताना चिपला झोपवून ठेवतं आणि लिनक्सला ती जागी करता येत नाही; ड्रायव्हर बरोबर, तरी लिंक येत नाही. विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा, मशीन बंद करून वीज काढा, अर्धा मिनिट थांबा, मग चालू करा.

आणि समजा चिपच दुसरी निघाली. '१०ईसी:८१२५' दिसलं तर ती अडीच गिगाबिटची चिप. ५.४ पासून तीही आर८१६९ च सांभाळतो, फक्त चिपची आवृत्ती नवी असेल तर कर्नलही तेवढा नवा लागतो. तिचा बाहेरचा ड्रायव्हर 'आर८१२५', आणि बंदीची कथा हुबेहूब तीच. इंटेलची चिप असेल तर आय२१९ साठी 'ई१०००ई' आणि आय२२५ साठी 'आयजीसी', दोन्ही कर्नलच्या आतले. तिथे बाहेरून काही आणायच्या भानगडीत पडू नका.

आता तुमच्या मनात येणारी शंका: आर८१६८ टाकला होता तो नेट हळू होतं म्हणून, मग आर८१६९ वर परत तेच झालं तर? शंका रास्त आहे. पूर्वी काही बोर्डांवर आर८१६९ खरंच त्रास द्यायचा, लिंक तुटायची. पण त्या ड्रायव्हरवर मधल्या वर्षांत पुष्कळ काम झालंय, आणि माझ्या हाताखालच्या मशीनांवर आता मी सगळीकडे तोच ठेवतो. दोन-चार दिवस वापरून बघा. हळू वाटलं तर 'सुडो ईथटूल' पुढे इंटरफेसचं नाव देऊन 'स्पीड' बघा. तिथे १००० च्या जागी १०० दिसलं तर आधी केबलवर संशय घ्या. गिगाबिटला आतल्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोन पुरतात; क्रिम्पिंग करताना एक तार नीट बसली नाही की ड्रायव्हर कुठलाही असो, लिंक १०० वर येते. दोन वर्षांपूर्वीचा तुमचा त्रासही असाच असू शकतो. मी नक्की म्हणत नाही, पण केबल बदलून बघायला काही लागत नाही.

स्पीड १००० असूनही मोठी फाइल ओढताना लिंक तुटत असेल, तर कर्नलच्या ओळीत 'पीसीआयई_एएसपीएम=ऑफ' टाकून बघा. याने कर्नल पीसीआय एक्स्प्रेसच्या वीजबचतीत स्वतः हात घालत नाही. डेस्कटॉपवर त्याचं फारसं काही वाटत नाही, लॅपटॉपवर बॅटरीवर परिणाम होऊ शकतो.

एवढं करूनही आर८१६९ जमला नाही, तरच बाहेरच्या ड्रायव्हरकडे परत जा, आणि तेव्हा ६.८ चालतो असं स्पष्ट लिहिलेली नवी आवृत्ती घ्या. त्या वाटेवर तीन खड्डे आहेत. पहिला हेडर्सचा: चालू कर्नलच्या आकड्याचेच हेडर्स हवेत. दुसरा कंपायलरचा: २२.०४ मध्ये मुळात जीसीसी ११ येतो, पण नंतरचे एचडब्ल्यूई कर्नल जीसीसी १२ ने बांधलेले आहेत. एररमध्ये 'ट्रिव्हियल-ऑटो-व्हार-इनिट' असं काही दिसलं तर 'सुडो एपीटी इन्स्टॉल जीसीसी-१२' करा. तिसरा सिक्युअर बूटचा (मान्य सही नसलेला कोड चढू न देणारी मशीनची सोय): मॉड्यूल तयार होतं, पण चढवताना 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस' येतं, कारण त्यावर मान्य सही नाही. इन्स्टॉल करताना पासवर्ड विचारला जातो, आणि पुढच्या बूटला निळी स्क्रीन येते. ती साधारण दहा सेकंदच थांबते. तेवढ्यात कुठलंही बटन दाबून 'एनरोल मॉक' (सहीची किल्ली नोंदवणं) निवडा आणि तोच पासवर्ड द्या. स्क्रीन निसटली तर 'मॉकयूटिल' ने किल्ली पुन्हा नोंदवावी लागते.

कंपनीच्या झिपमध्ये येणारी 'ऑटोरन' स्क्रिप्ट मात्र चालवू नका. ती आर८१६९ च्या फाइलचं नाव बदलून शेवटी 'बॅक' लावते, आणि डीकेएमएसमध्ये नोंद करत नाही. पुढचं कर्नल अपडेट आलं की तुम्ही पुन्हा इथेच. ५.१५ मध्ये बूट केलेलं असताना ती कधी चालवली असेल, तर त्या कर्नलमध्ये 'मॉडइन्फो आर८१६९' देऊन फाइल जागेवर आहे ना ते बघा. नसेल तर त्या कर्नलचं मॉड्यूल पॅकेज 'एपीटी इन्स्टॉल --रीइन्स्टॉल' ने परत टाका.

५.१५ अजून आठवडाभर तरी काढू नका. ६.८ वर स्क्रीन आणि नेट दोन्ही रोजच्या वापरात टिकलं की मग बघू. आणि 'मॉडप्रोब आर८१६९' च्या चाचणीत नाव आलंच नाही, तर 'एलएसपीसीआय -एनएनके'मधला इथरनेटचा तुकडा, 'डीकेएमएस स्टेटस' आणि 'डीमेसेज'मधल्या आर८१६९ च्या ओळी, ६.८ मध्ये बूट करून घेतलेल्या, मला पाठवा. फोनने काढलेला फोटो चालेल, फक्त 'इन यूज'च्या आसपासच्या ओळी कापू नका.